एकाच आडनावाची फिर्याद

काकांचा उजवा हात पहारीनं मोडला. पहार मारणाऱ्याचं आडनाव माझंच. ज्यांचा हात मोडला त्या काकांचंही माझंच. आणि गडग्यावर, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणावर, बसून ज्यांनी हे सगळं डोळ्यांनी बघितलं त्या चाचांचंही तेच. मी ते आडनाव इथे लिहीत नाही. आमच्या भागातल्यांना न लिहिता कळेल. बाकीच्यांनी तिथे आपलं घालून बघावं, बहुतेक बसेल.

खरं तर मी याचं पत्रक काढणार होते. मला पत्रकंच लिहिता येतात. वर निषेध, मध्ये मागणी, खाली मी जिचं काम करते त्या समितीचं नाव, आणि एका पानात संपवायचं, कारण दुसरं पान एस.टी. स्टँडवर कुणी वाचत नाही. पण या वेळी निषेध कुणाचा करायचा ते लिहायला बसले की प्रत्येक ओळीत माझंच आडनाव यायला लागलं. म्हणून एका पानात मावलं नाही.

आमचं गाव रत्नागिरीहून जयगडकडे जाताना खाडीच्या अंगाला आहे. वरच्या वाडीत आम्ही हिंदू, खाली पाण्यालगत मोहल्ला. दोन्हीकडे आडनाव एक. फार पूर्वी दोन भाऊ होते आणि त्यातल्या एकानं धर्म बदलला, इथपर्यंत वाडी आणि मोहल्ला यांचं एकमत आहे. पुढे नाही. मोहल्ल्यात सांगतात, थोरला होता आणि विचार करून गेला. वाडीत सांगतात, धाकटा होता आणि मारून नेला. बाकी रक्त एक आहे हे कुणी नाकारत नाही. नाकारत नव्हतं, असं म्हणायला हवं आता.

या आडनावानं माणसं मात्र दिली, ते मान्य करायला हवं. काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पावसाळ्यात आमच्या सड्यावर, म्हणजे गावाच्या डोक्यावर पसरलेल्या उघड्या कातळावर, बोटभर उंचीची निळी-जांभळी फुलं येतात. लोक त्यावर गाड्या लावून फोटो काढतात. काकांनी त्या फुलांवर आयुष्य घातलं. त्यातली काही झाडं किडे पकडून खातात. ती एवढी लहान की काका पोटावर झोपून, भिंगातून बघून त्यांची चित्रं काढायचे. फोटो का नाही काढत विचारलं तर म्हणायचे, "फोटोत दिसतं. कळत नाही."

चाचा मोहल्ल्यातले. मुंबईच्या कॉलेजात फारसी शिकवत होते आणि मोडीही वाचायचे. किल्लेदारांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं, त्यातल्या तक्रारी, शिव्या, उरुसाला बोकड कमी पडल्याचे वाद, हे सगळं ते असं सांगायचे की जणू कालच पोस्टमननं आणून दिलंय. त्यांचे सख्खे भाऊ बोटीवर कॅप्टन होते. वरच्या वाडीत एक जिल्हा न्यायाधीश झाले, त्यांना आम्ही जज आजोबा म्हणतो. आणि आत्या, संस्कृतात पीएच.डी. करणारी आडनावातली पहिली बाई.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल काय विद्वानांचं घराणं. थांबा. काका आणि चाचा शाळेत एका बाकावर होते, कारण हजेरीत आडनाव एकापाठोपाठ यायचं. गुरुजी नुसतं आडनाव घेऊन छडी उगारायचे. ते कुणाला म्हणतायत हे विचारायची सोय नव्हती, म्हणून दोघंही हात पुढे करायचे आणि दोघंही खायचे. चाचांच्या डाव्या हाताचं एक बोट त्या छडीनं वाकडं झालं ते तसंच आहे. आत्यानं कॉलेजात नाव घातल्याचं कळलं त्या दिवशी तिच्या वडिलांनी तिची पुस्तकं न्हाणीघरातल्या बंबात घातली. ती ओढायला गेली तेव्हा पेटतं लाकूड तिच्या हातावर मारलं. त्या वेळी तिला मागून केसांना धरून ठेवणारे म्हणजे आमचे जज आजोबा. तेव्हा ते जज नव्हते, वकिलीच्या परीक्षेला बसले होते. आत्या पुढे आयुष्यभर मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज घालून भाषणं देत राहिली. गेल्या वर्षी आमच्या कुलमंडळानं स्मरणिका काढली. त्यात आत्याच्या फोटोखाली छापलं, 'घरच्यांच्या प्रोत्साहनामुळे शिक्षण पूर्ण.' आत्यानं ते वाचलं आणि म्हणाली, "प्रोत्साहन अजून पावसाळ्यात खाजवतं."

हे कुलमंडळ म्हणजे एका आडनावाच्या लोकांचं मंडळ. अध्यक्ष जज आजोबा. वर्षातून एकदा रत्नागिरीत हॉल घ्यायचा, मुंबई-पुण्याहून सगळ्यांनी यायचं, उकडीचे मोदक खायचे, आणि आडनावातल्या कुणीतरी काहीतरी केलं असेल त्याला शाल द्यायची. मोहल्ल्यातल्या कुणाला बोलावत नाहीत. 'ती शाखा नंतर घेऊ' असं दर वर्षी ठरतं. काकांना शाल द्यायचं ठरलं तेव्हा काका म्हणाले, माझ्या शेजारी चाचांना बसवा, मग घेतो. जज आजोबा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. काका म्हणाले, मग शालही पुढच्या वर्षी बघू.

हॉलचा खर्च दादा करतो. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, वयानं माझ्या बापाएवढा. पंचायत समितीत होता. आता त्याच्या चिऱ्याच्या खाणी आहेत. चिरा म्हणजे जांभा दगड कापून केलेली वीट, आमच्याकडची घरं त्याचीच. त्यामुळे खाण वाईटच, असं मी म्हणत नाही. मी ज्या घरात बसून हे लिहितेय तेही चिऱ्याचंच आहे. पण दादाची परवानगी सड्याच्या खालच्या तुकड्याची होती, आणि गणपती जाताच त्याचं पोकलेन येऊन उभं राहिलं वरच्या. फुलं होती तिथेच.

मी पत्रक काढलं, तहसीलदारांना निवेदन दिलं, पोच घेतली. काकांनी काहीच केलं नाही. रोज सकाळी उठून, फळी आणि कागद घेऊन, पोकलेनच्या तोंडासमोर पोटावर झोपायचे आणि चित्र काढायचे. चालक विचारायचा, "सर, उपोषण हाय काय?" काका म्हणायचे, "छे, काम आहे माझं." चालक इंजिन बंद करून भाकरी सोडायचा. चाचांचे गुडघे गेलेत, त्यामुळे ते सड्याच्या कडेच्या गडग्यावर छत्री उघडून बसायचे आणि तिथून काकांना जुन्या पत्रातल्या शिव्या ऐकवायचे. असं चार-पाच सकाळी चाललं. मग दादानं आपल्या धाकट्या भावाला पाठवलं.

पुढचं चाचांनी पोलिसांना सांगितलं तेच लिहिते, कारण मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. धाकटा पहार घेऊन आला. "काका, उठा आता. लय झाली चित्रं." काका म्हणाले, "पाय काढ. फूल आहे तिथं." धाकट्यानं फळीला लाथ मारली. मग पहार उलटी धरली आणि ज्या झाडाचं चित्र चाललं होतं त्याच्यावर उचलली. काकांनी झाडावर हात ठेवला. सहज ठेवला, चाचा म्हणाले, जसा आपण उडणाऱ्या कागदावर ठेवतो. धाकट्याला पहार थांबवता आली असती. खाणीत काम करणाऱ्याला पहार कुठे थांबवायची ते पक्कं माहीत असतं. त्यानं थांबवली नाही. पुन्हाही मारली. आवाज चिरा फुटताना येतो तसाच आला, असं चाचांचं म्हणणं. चाचा छत्री घेऊन उतरायला लागले तर धाकट्यानं त्यांना गडग्यावरून मागे ढकललं.

मी बाईक टाकून वर चढले तेव्हा काका उठून बसले होते आणि आपल्या हाताकडे बघत होते. मनगट आणि कोपर यांच्या मध्ये हाताला आणखी एक वळण आलं होतं. मी ओरडले तेव्हा मागून पाठीत दगड बसला, कुणी मारला ते दिसलं नाही. पोकलेनचा चालक तेवढा पुढे आला. त्यानं आपल्या डोक्याचा टॉवेल काढून काकांचा हात गळ्यात बांधला आणि मला म्हणाला, "ताई, माजं नाव नको कुठं."

रत्नागिरीच्या हॉस्पिटलात हाडात पट्टी बसवली. बोटं हलतील, पण बारीक काम सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळ व्हायच्या आत जज आजोबा शहाळी घेऊन हजर. काकांच्या उशाशी बसले, शहाळ्याला स्ट्रॉ लावून दिली, आणि मग म्हणाले, "पोलिसात गेला नाहीस ना अजून?"

मी म्हटलं, "उद्या जाणार. डॉक्टरांचा कागद मिळाला की."

"तुला नाही विचारलं."

"मी सांगितलं तरी."

ते काकांकडे वळले. "भावकीतलं रक्त पोलिसात जात नाही. आपल्याकडे कधी गेलं नाही. धाकटा नारळ ठेवेल, तू उचल. संपलं."

बाहेरच्यांना हा नारळ समजावून सांगायला हवा. आमच्याकडे भावकीत मारामारी झाली की देवळासमोरच्या सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर, मारणाऱ्यानं नारळ ठेवायचा. मार खाणाऱ्यानं तो उचलला की भांडण मिटलं. त्यानंतर त्याविषयी कुणी कुठे बोलायचं नाही. पोलीस नाही, कोर्ट नाही, नळावर टोमणेसुद्धा नाहीत. डोकी फुटलेली आहेत, एकाचा डोळा गेलेला आहे, सगळे नारळाखाली गाडलेले. बायकांना नवऱ्यानं मारलं तर तो नारळसुद्धा नाही, ते भांडणात धरतच नाहीत.

मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही जन्मभर कोर्टात बसलात. कुणी हात मोडून आलं तर तुम्ही नारळ द्यायचात काय?"

"कोर्टात माझे भाऊबंद नव्हते," ते म्हणाले. अगदी शांतपणे. मला त्या शहाळ्यानं त्यांचं डोकं फोडावंसं वाटलं.

काकांच्या आधी काकी बोलली. काकीला मी जन्मात कधी घाबरलेली बघितली नव्हती. "मी काय सांगतंय ता आयका. बाव त्यांच्या आवारात हाय. उद्या कळशी बुडवू नाय दिली तर पानी कुठचा पिनार? त्या फुलांचा?" बाव म्हणजे विहीर. भावकीनं वाळीत टाकलं की पहिली ती बंद होते. कायदा आहे त्याविरुद्ध. कायद्याला बादली लावून पाणी काढता येत नाही, हे काकीला माहीत होतं.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला होता, की काकांची फिर्याद होणार की नारळाखाली जाणार. हाताचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

घरी आल्यावर काका म्हणाले, "उचलतो मी." मी त्यांच्याशी भांडले. नको ते बोलले. तुमच्यासारख्या शिकलेल्यांनीच हे टिकवलंय, असं म्हटलं. ते म्हणाले, "बाय, मला कळशी भरून पाणी लागतं. तुला समिती लागते. दोन्ही खरं आहे."

नारळाच्या दिवशी सकाळी सगळी वाडी देवळात. बाया सहाणेपासून लांब, मांडवाबाहेर, मीही तिथेच. जज आजोबा खुर्चीवर, दादा शेजारी. धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून आला, नारळ ठेवला, आणि हात झटकले. खरंच झटकले, नारळाची शेंडी लागली होती म्हणून. कुणीतरी हसलं. काकांनी पुढे होऊन डाव्या हातानं नारळ उचलला. गुरव काहीतरी बोलायला गेला तर जज आजोबांनी त्याला हातानं बसवलं. मग चहा आला. धाकटा काकांना म्हणाला, "साखर बरी हाय ना, काका?"

मी तिथून तडक मोहल्ल्यात गेले. कुणाच्या तरी घरी जाऊन आदळआपट करायची होती आणि आमच्या वाडीत तसं घर उरलं नव्हतं. चाचा ओटीवर, पाठीला शेक घेत होते. चाचीनं मला पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. चाचा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला.

"प्रश्न कुणी विचारला?"

"कुठला प्रश्न?"

"म्हणजे विचारलाच नाही."

तेवढ्यात पायऱ्यांवर काका. काखेत तोच नारळ. येऊन चाचांच्या शेजारी बसले आणि नारळ मध्ये ठेवला. "तुला बोलावलं नव्हतं ना?"

"नाही."

"मला वाटलंच."

मग मला कळलं. नारळाच्या रीतीचा एक भाग असा, की मोहल्ल्यातल्या आडनावाच्या घराचा माणूस सहाणेशी उभा राहून सर्वांदेखत विचारणार, 'कोणी मारलं?' मारणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं 'मी मारलं' म्हणायचं. त्यानंतरच नारळ उचलायचा. हा मान मोहल्ल्याचा. का, तर वाडीतला कुणी ना कुणी एका बाजूचा असणारच, खालचा भाऊ कुणाच्याच बाजूचा नाही. तो प्रश्न नसेल तर नारळ 'लागत नाही', मार खाणारा पोलिसात जायला मोकळाच राहतो. माझ्या जन्मात असा नारळ दोनदाच झाला होता, आणि मुली तिथे जात नाहीत, म्हणून मला माहीत नव्हतं. जज आजोबांना पक्कं माहीत होतं. पण आता मुसलमानाला देवळाशी कशाला बोलवायचं, दिवस कसले आहेत, फोटो कुणी टाकला तर, असं म्हणून त्यांनीच तो भाग गाळला होता. जन्मभर कायदा चालवलेल्या माणसानं स्वतःच्या गावचा कायदा अर्धा वापरला.

"तुम्हाला उचलतानाच माहीत होतं?" मी काकांना विचारलं.

"गुरव उठला तेव्हा आठवलं. म्हटलं बघू, कुणी बोलतंय का. कुणी बोललं नाही."

चाचा हसायला लागले आणि पाठ दुखली म्हणून थांबले. म्हणाले, "माझा मान गेला कुठे ते विचारायला हवं."

त्यांनी गुरवाकरवी निरोप पाठवला. वाडीतले म्हातारे हादरले. दादाला किंवा धाकट्याला देवाची भीती नाही, पण म्हाताऱ्यांना आहे. अर्धा नारळ देवासमोर ठेवला म्हणजे काय, उद्या कुणाच्या घरात काय होईल. जज आजोबांना चाचांना बोलवावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सगळे जमले. या वेळी मी मांडवाबाहेर थांबले नाही. कुणी हटकलंही नाही, सगळे चाचांकडे बघत होते.

चाचा पांढरा सदरा घालून, काठी टेकत आले. सहाणेच्या खाली, जिथे त्यांचे वडील उभे राहायचे असं ते म्हणाले, तिथे उभे राहिले. काकांनी नारळ जागेवर परत ठेवला. चाचांनी विचारलं, "कोणी मारलं?"

धाकट्यानं जज आजोबांकडे बघितलं. त्याला पढवून आणलं होतं. "चूक झाली," तो म्हणाला.

"कोणी केली?"

"झाली म्हटला ना."

"कोणी मारलं?"

धाकट्यासमोर दहा-बारा मोबाइल उभे धरलेले. 'मी मारलं' म्हटलं की ते रत्नागिरीत पोचायला किती वेळ लागतो हे जज आजोबांना कळत होतं, म्हणूनच त्यांनी त्या दोन शब्दांच्या जागी त्याला 'चूक झाली' शिकवलं होतं. ते खुर्चीवरून म्हणाले, "पुरे झालं भाईसाहेब. भावना पोचल्या."

चाचा त्यांच्याकडे वळले. "जजसाहेब, तुम्ही आरोपीला 'गुन्हा कबूल आहे का' विचारत होतात ना? मी तेवढंच विचारतोय. नाही म्हणायचं तर नाही म्हणू दे."

"तू कोन रे इचारनार?" धाकटा म्हणाला आणि त्यानं चाचांच्या तोंडावर मूठ मारली.

त्याच्या हातात जाड कडं होतं. चाचांचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटला. सदऱ्यावर रक्त असं उतरलं की पहिल्यांदा मला ते पान खाल्ल्यासारखं वाटलं. चाचा पडले नाहीत. काठीवर तोलून उभे राहिले आणि फाटक्या तोंडानं परत तेच विचारलं, शब्द नीट येत नव्हते. धाकट्यानं काठीला लाथ मारली तेव्हा पडले. मग जे झालं त्याला मी मारामारी म्हणत नाही, कारण एका बाजूला फारसं कुणी नव्हतं. गुरव मध्ये पडला, त्याला खांबावर आपटलं. मी देवळाच्या दाराशी चपलांचा ढीग होता त्यातली हाताला लागली ती चप्पल घेतली आणि धाकट्याच्या तोंडावर मारत सुटले. मागून दादानं माझी वेणी धरली. मला जमिनीवरून फरफटत नेलं, गुडघ्यांची सालं गेली, आणि जज आजोबा खुर्चीतून म्हणत होते, "तिला धरा, तिला धरा." आवाज जुनाच असणार तो, आत्याला ओळखू आला असता.

काका एकटे सरळ सहाणेपर्यंत चालत गेले. नारळ तिथेच होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. जमलेल्यांना म्हणाले, "लागला नाही. बघितलंत सगळ्यांनी." वर्गात बोलतात तसं. आणि चाचांना उठवायला वाकले, एका हातानं.

म्हाताऱ्यांपैकी कुणी त्यांना अडवलं नाही. मला वाटतं, रीतच तशी म्हणून अडवलं नाही. पण काकी पुढे आली, तिनं पदरानं चाचांचं तोंड दाबून धरलं आणि नवऱ्याला म्हणाली, "चला आता. मेली ती बाव."

रिक्षानं रत्नागिरीला. आधी चाचांच्या ओठाला टाके, मग पोलीस ठाणं. संगणकावर बसलेल्या हवालदारांनी काकांना नाव विचारलं, टाइप केलं, आणि थबकले. त्यांचंही आडनाव तेच. "आमी लांज्याकडचे," ते घाईघाईनं म्हणाले, "आपला काय संबंध नाय." मग आरोपीचं नाव विचारलं. तेच आडनाव. साक्षीदार? तेच. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "मंग ह्यो घरगुती मामला झाला. एनसी घेतो, साधी नोंद. आपसांत मिटवा."

मी तोंड उघडणार तोच काकांनी हात आडवा धरला, प्लॅस्टरचा. म्हणाले, "हॉस्पिटलचा कागद जोडलाय. हाड मोडलंय, लोखंडानं. घरगुती असतं तर मी इथे आलो नसतो."

हवालदार चाचांकडे बघून म्हणाले, "आनि हे? हे कसे घरचे तुमच्या? मुसलमान ना?"

चाचांना बोलताना त्रास होत होता. टाके ताणत होते, आणि तरी ते सावकाश, सगळे शब्द जागच्या जागी ठेवत बोलले. "काल देवळात मला बोलावलं नाही, कारण मी बाहेरचा. इथे मी साक्षीदार झालो, तर लगेच घरचा आणि मामला घरगुती. साहेब, काहीतरी एक लिहा. मला दोन्ही चालेल. फक्त मार कुणी मारला ते खाली लिहा."

हवालदार उठून आत जाऊन आले. आतल्या साहेबांनी काकांच्या हाताचा फोटो मागवला, तो नेला. परत येऊन म्हणाले, "सांगा. पहिल्यापासून सांगा. फुलाचं नाव पन सांगा, लिहितो." काकांनी शास्त्रीय नाव सांगितलं आणि त्यातली अक्षरं एकेक करून लिहून घ्यायला लावली. गंभीर दुखापत, हत्यारानं, असं कलम लागलं. वाचून दाखवलं. काकांनी डाव्या हातानं सही केली, ती सही कमी आणि ओरखडा जास्त होता. फिर्यादीची प्रत मिळाली.

बाहेर टपरीवर चहा घेतला. चाचांना कप तोंडाला लावता येईना. काकांना तो धरता येईना. मी बशीत ओतून देत होते. चाचा म्हणत होते की किल्लेदारांच्या पत्रांमध्ये असल्या तक्रारींचा निकाल लागायला दोन पिढ्या जायच्या, तेव्हा आपण वेगात आहोत. तेवढ्यात चाचीचा फोन आला. मोहल्ल्याच्या वरच्या बाजूनं दगड येतायत. पुढच्या खिडक्या गेल्या. एक दगड पलंगावर पडला, नात तिथून नुकतीच उठली होती. आणि सड्यावर पोकलेन चालू झालंय, मोहल्ल्यापर्यंत ऐकू येतंय.

चाचांनी फोन खिशात ठेवला. बशी माझ्या हातात दिली. काका उठलेच होते.

आम्ही परत आत गेलो. हवालदारांनी वर बघितलं. "आता काय राहिला?"

"दुसरी," चाचा म्हणाले आणि समोरची खुर्ची ओढून बसले. "या वेळी फिर्यादी मी. आडनाव तुमच्याकडे आहेच."